गावात राहून डेटा ॲनालिटिक्स आणि ॲक्च्युरियल सायन्स: बारावीपासून पहिल्या नोकरीपर्यंत

जून महिना. पेरणीची घाई सोडून एक बाप मुलीची गुणपत्रिका घेऊन आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात उभा होता. म्हणाला, "सर, पोट्टी गणितात हुशार हाय. कोनीतरी तिले सांगतलं का आक्चुरी होय. थे काय व्हय? बँकेतली नौकरी हाय का?"

मी त्यांना विचारलं, "सोयाबीनचा विमा काढता ना? त्याचा हप्ता किती असावा, हे गणित करून जो ठरवतो, तो ॲक्च्युअरी."

त्यांनी क्षणभर विचार केला. "मंग थो मानूस कुठं रायते?"

असं काम करणारं माणूस आपल्या तालुक्यात कुणी पाहिलेलं नसतं. डॉक्टर, तलाठी, मास्तर दिसतात, म्हणून मुलं ते व्हायला जातात. हा लेख त्या मुलीसाठी आणि तिच्यासारख्या मुलामुलींसाठी लिहिलाय. मी तालुक्याच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. पुढे जे सांगतो ते इथल्या मुलांना प्रत्यक्ष पेलेल असंच सांगतो.

आधी दोन कामांतला फरक

डेटा ॲनालिटिक्स म्हणजे साठलेल्या माहितीतून प्रश्नाचं उत्तर काढणं. कोणत्या गावात कर्ज थकतंय, कोणत्या महिन्यात कोणता माल खपतो, कोणता रुग्ण पुन्हा दवाखान्यात येईल, असे प्रश्न. हे काम बँकेत, दुकानसाखळीत, दवाखान्यात, सरकारी खात्यात, सगळीकडे आहे. त्याला कोणतंही परवानापत्र लागत नाही. तुम्हाला काय येतं हे दाखवता आलं की झालं.

ॲक्च्युअरीचं काम पुढच्या जोखमीची किंमत ठरवण्याचं. माणूस किती वर्षं जगेल, गाडीला अपघात होण्याची शक्यता किती, पेन्शनसाठी आज किती पैसे बाजूला ठेवावे लागतील. इथे मात्र परीक्षांची लांब वाट आहे. भारतात ती इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया घेते. २००६ च्या ॲक्च्युअरीज कायद्याने ही संस्था स्थापन झाली. पदवी कोणत्याही विद्यापीठाची असो, 'फेलो', म्हणजे पूर्ण ॲक्च्युअरी, ही मान्यता या संस्थेचे पेपर सोडवूनच मिळते.

दोन्हींचा पाया एकच: संभाव्यता आणि संख्याशास्त्र. त्यामुळे बारावीनंतर लगेच एकच वाट पकडायची घाई करू नका. पहिली दोन वर्षं दोघांचा रस्ता एकच आहे.

पहिली पायरी: घरच्या विम्याचं गणित मांडा

कॉलेज, फी, लॅपटॉप हे सगळं नंतर. आधी हे काम आपल्याला आवडतं का, ते एका संध्याकाळी तपासता येतं. एक वही आणि साधा कॅल्क्युलेटर पुरे.

प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू आहे. तिच्यात 'उंबरठा उत्पादन' नावाची एक गोष्ट असते. मागच्या सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढायची आणि तिला जोखीमस्तराने गुणायचं. जोखीमस्तर ७०, ८० किंवा ९० टक्के असतो. महसूल मंडळाचं, म्हणजे आसपासच्या काही गावांच्या गटाचं, यंदाचं उत्पादन या उंबरठ्याच्या खाली गेलं, तर जितकी घट, तितक्या टक्के भरपाई.

आता मी मानलेले आकडे घ्या. एका मंडळात सात वर्षांचं सोयाबीनचं हेक्टरी उत्पादन क्विंटलमध्ये असं: १२, ९, १४, ५, ११, १३, ७. यातली चांगली पाच म्हणजे १४, १३, १२, ११ आणि ९. बेरीज ५९, सरासरी ११.८. जोखीमस्तर ७० टक्के धरला, तर उंबरठा ८.२६ क्विंटल.

यंदा पावसाने दगा दिला आणि ५ क्विंटलच झालं. घट ३.२६. तिला ८.२६ ने भागलं की ०.३९४७. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये धरली, तर भरपाई सुमारे १९,७३४ रुपये.

इथेच थांबू नका. चांगल्या पाच वर्षांऐवजी सातही वर्षांची सरासरी घेतली असती तर? बेरीज ७१, सरासरी १०.१४, उंबरठा ७.१ क्विंटल, आणि भरपाई सुमारे १४,७८९ रुपये. पाऊस तोच, शेत तेच. सरासरी कशाची काढायची, या एका ओळीने हेक्टरी जवळपास पाच हजारांचा फरक पडला. माझ्या वर्गात हे गणित फळ्यावर मांडलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे सरकतात, कारण ही रक्कम त्यांच्या घरच्या पासबुकातली असते.

आता ॲक्च्युअरीच्या खुर्चीत बसा. उंबरठा ८.२६ असताना त्या सात वर्षांत भरपाई किती वेळा द्यावी लागली असती? दोनदा. ५ क्विंटलच्या वर्षी ३९.४७ टक्के आणि ७ क्विंटलच्या वर्षी १५.२५ टक्के. दोन्ही मिळून ५४.७२. सात वर्षांवर वाटले की वर्षाला ७.८२ टक्के. म्हणजे ५०,००० च्या विम्यामागे साधारण ३,९०९ रुपये नुसत्या भरपाईसाठी जमा व्हायला हवेत. कंपनीचा खर्च आणि फार वाईट वर्षासाठीची तजवीज वेगळीच. खरिपाच्या सोयाबीनला शेतकऱ्याचा हिस्सा जास्तीत जास्त २ टक्के, म्हणजे १,००० रुपये असतो. उरलेला हप्ता केंद्र आणि राज्य सरकार भरतं. महाराष्ट्रात २०२३ पासून दोन वर्षं शेतकऱ्याकडून फक्त एक रुपया घेतला जायचा, तेव्हा हा हिस्साही सरकारनेच उचलला होता.

आता खरा प्रश्न. सात वर्षं पुरेशी आहेत का? पाऊसमान बदलत असेल, तर जुनी वर्षं आणि नवी वर्षं एकाच मापाने मोजायची का? शेजारच्या मंडळात वाईट वर्ष आलं की आपल्याकडेही येतंच, मग कंपनीने दोन्हींची जोखीम वेगवेगळी कशी धरायची? हे प्रश्न वाचून तुमची झोप उडत असेल, तर हे क्षेत्र तुमचं आहे. कंटाळा आला, तरी काही बिघडलं नाही. एका संध्याकाळच्या मोबदल्यात तीन वर्षं वाचली.

मंडळाचं उत्पादन ठरवायला शेतात पीक कापणी प्रयोग होतो, म्हणजे दोरीने आखलेल्या छोट्या प्लॉटमधलं पीक कापून तोलतात. तेव्हा एकदा जाऊन उभे राहा. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांना विचारलं की दिवस कळतो. प्लॉट कुठे आखायचा हे कुणाच्या मर्जीवर नसतं, तो यादृच्छिक पद्धतीने निवडायचा असतो. नमुना निवडीची ही पद्धत भारतीय शेतीत रुजवण्यात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांचा मोठा वाटा आहे. १९४० च्या दशकातलं त्यांचं हे काम आजही पदवीच्या नमुना सर्वेक्षणाच्या पेपरात शिकवलं जातं. पुस्तकातली व्याख्या आणि शेतातली दोरी एकत्र पाहिलेला विद्यार्थी ती व्याख्या विसरत नाही.

दुसरी पायरी: बारावीचं गणित

आपल्याकडे हुशार मूल म्हटलं की नीट आणि बी ग्रुप, हे ठरलेलं आहे. गणित सोडून जीवशास्त्र घेतलं की बी.एस्सी. संख्याशास्त्राचा दरवाजा बहुतेक ठिकाणी बंद होतो. म्हणून अकरावीतच ठरवा. दोन्ही ठेवता येत असतील तर दोन्ही ठेवा, पण गणित सोडू नका.

कॉमर्सच्या मुलांना वाटतं, हे आपल्यासाठी नाही. तसं मुळीच नाही. राज्य मंडळाच्या बारावी वाणिज्य शाखेच्या गणित व संख्याशास्त्राच्या दुसऱ्या भागात विमा आणि वार्षिकी (ठरावीक काळाने मिळणारे किंवा भरायचे समान हप्ते) हा आख्खा धडा आहे. समाश्रयण (एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज) आणि कालश्रेणी (काळानुसार बदलणारे आकडे) हेही त्याच पुस्तकात आहेत. ॲक्च्युअरीच्या अभ्यासाची ही पहिलीच पानं. सायन्सच्या मुलानेही ते पुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घ्यावं.

ज्यांचं गणित सुटलंय त्यांनी अकरावी-बारावीची पुस्तकं घेऊन सहा महिने रोज दोन तास बसावं. मर्यादा, विकलन, संकलन, क्रमचय आणि संभाव्यता एवढं पक्कं झालं पाहिजे. ॲनालिटिक्समध्ये कच्च्या गणितावर काही काळ निभावता येतं, ॲक्च्युअरीच्या पेपरांत ते चालत नाही.

तिसरी पायरी: पदवी कुठून घ्यायची

माझं मत स्पष्ट आहे: जवळच्या शासकीय किंवा अनुदानित कॉलेजातून संख्याशास्त्र हा मुख्य विषय घेऊन बी.एस्सी. करा. सोबत गणित किंवा संगणकशास्त्र ठेवा. अमरावतीची शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था, नागपूरची शासकीय विज्ञान संस्था ही जुनी नावं आहेत. दोन्ही ठिकाणच्या प्रवेशाच्या तारखा बारावीच्या निकालाआधीपासून पाहत राहा. गावापासून रोज लालपरीने जाता येईल अशा कॉलेजात विषय असेल, तर वसतिगृहाचा खर्चही वाचतो.

'डेटा सायन्स' असं नाव दिलेल्या नव्या पदव्या आता बऱ्याच निघाल्यात. काही चांगल्या आहेत. पण फी भरण्याआधी तिथे स्वतः जाऊन चार गोष्टी विचारा. संख्याशास्त्र शिकवणारा पूर्णवेळ शिक्षक कोण आहे? संभाव्यता किती सत्रं शिकवतात? प्रयोगशाळेत चालू अवस्थेतले संगणक किती? आणि मागच्या बॅचची दोन मुलं आज कुठे आहेत, त्यांच्याशी बोलता येईल का? उत्तर देताना समोरचा माणूस जाहिरातीचा कागद पुढे करत असेल, तर उठून या. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी बैलजोडी विकून मोठ्या शहरातल्या एका खासगी संस्थेची फी भरली. नोकरीची हमी लेखी नव्हती, तोंडी होती. वर्षाने पोरगा परत आला, तेव्हा त्याला एक्सेलमध्ये तक्ता रंगवता येत होता, पण प्रमाण विचलन म्हणजे काय ते सांगता येत नव्हतं. त्या बापाचा चेहरा मी विसरलो नाही, म्हणून हे इतकं ठासून लिहितो.

नियमित पदवीसोबत एक दुसरी वाट जोडता येते. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची बी.एस. पदवी २०२० साली सुरू झाली. तिला जेईई लागत नाही. चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यायची, शिकवणी ऑनलाइन, पण परीक्षा नेमून दिलेल्या केंद्रावर जाऊन. पायाभूत टप्पा, डिप्लोमा, पदवी असे टप्पे आहेत आणि मध्येच थांबलात तर त्या टप्प्याचं प्रमाणपत्र मिळतं. कमी उत्पन्नाच्या घरांना फीमध्ये सवलत आहे. २०२२ पासून युजीसीने दोन पदव्या एकाच वेळी करायला परवानगी दिलेली आहे, त्यामुळे गावच्या कॉलेजात बी.एस्सी. आणि सोबत ही पदवी, हे नियमात बसतं. दोन्ही ओढणं सोपं नाही, हेही सांगतो. पहिल्या वर्षी बी.एस्सी.चा जम बसू द्या, मग हात घाला.

चौथी पायरी: ॲक्च्युअरीची परीक्षा

दरवाजा म्हणजे ॲक्च्युरियल कॉमन एंट्रन्स टेस्ट, सगळे तिला 'एसेट' म्हणतात. बारावीनंतर देता येते. तीन तास, १०० गुण, उत्तीर्ण व्हायला ५० टक्के. गणित आणि संख्याशास्त्र मिळून सगळ्यात जास्त गुण. त्यासोबत माहितीचं विश्लेषण, इंग्रजी आणि तर्क. आमची मुलं गणितात नाही, इंग्रजीत घाबरतात. खरं तर तिथला इंग्रजीचा भाग थोडा आहे. अर्ज संस्थेच्या संकेतस्थळावरूनच भरायचा, मध्यस्थ नको.

माझा सल्ला असा, की ही परीक्षा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या शेवटी द्यावी. बारावीनंतर लगेच दिली तर पास व्हाल कदाचित, पण पुढच्या पेपरांची फी आणि अभ्यास दोन्ही अंगावर येतात.

पुढचे पेपर एकेक करून सोडवायचे. मूलभूत टप्प्यात सीएस-१ आणि सीएस-२ हे संख्याशास्त्राचे, सीएम-१ आणि सीएम-२ हे विमागणित आणि वित्ताचे, सीबीचे तीन पेपर व्यवसाय, वित्त आणि अर्थशास्त्राचे. त्यानंतर प्रात्यक्षिक स्वरूपाचे, मग विशेष विषयांचे. सगळे मिळून फेलो व्हायला आठ-दहा वर्षं लागली तरी नवल नाही, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लोक नोकरी करत करतच ते पूर्ण करतात.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना सीएस-१ पहिला घ्या. वितरणं, आकलन (नमुन्यावरून अंदाज काढणं), परिकल्पना चाचणी, समाश्रयण हे त्याच सुमारास वर्गात चालू असतं. त्याच्या दुसऱ्या भागात 'आर' ही संगणकभाषा वापरावी लागते, ती फुकट आहे. सीएम-१ दुसरा. त्यात जीवनसारणी येते: एक लाख जन्मलेल्यांपैकी चाळिशीला किती जिवंत, एक्केचाळिशीला किती. अशी सारणी १६९३ साली एडमंड हॅलीने, धूमकेतूवाल्या हॅलीनेच, आताच्या पोलंडमधल्या ब्रेस्लाउ शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून बनवली. आपल्या ग्रामपंचायतीतही जन्ममृत्यूचं रजिस्टर असतंच. एखाद्या छोट्या गावाच्या नोंदींवरून जीवनसारणी का बनवता येत नाही, याचा विचार करा. अर्धा धडा तिथेच समजतो.

पदवीच्या तीन वर्षांत असे दोन-तीन पेपर निघाले, तर पहिल्या नोकरीसाठी तेवढं पुष्कळ झालं. पाच-सहा एकदम भरून सगळ्यांत नापास होणारी मुलं मी पाहिली आहेत. फी गेली आणि हिंमतही गेली.

हाताला वळण: एक्सेल, एसक्यूएल, पायथन

क्रम हाच ठेवा. एक्सेल आधी, कारण मुलाखतीत तेच समोर ठेवतात. मग एसक्यूएल, म्हणजे साठवलेल्या माहितीतून हवं ते काढायची भाषा, मग पायथन किंवा आर या संगणकभाषा. आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप पुरतो. तोही नसेल तर गुगल कोलॅब, म्हणजे इंटरनेटवरच पायथन चालवायची फुकट सोय, मोबाइलच्या ब्राउझरवर चालतं. बोटं दुखतात, पण चालतं. लोडशेडिंगचं वेळापत्रक पाहून व्हिडिओ आधी उतरवून ठेवा. एनपीटेल आणि 'स्वयं' या संकेतस्थळांवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत, पैसे फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला लागतात.

पण नुसते कोर्स करत बसू नका. एक काम स्वतःचं करा. घरातल्या आणि शेजारच्या दहा घरांच्या कापूस-सोयाबीन विक्रीच्या काटापट्ट्या गोळा करा. तारीख, माल, वजन, भाव, कपात, एवढे रकाने. भरायला बसलात की कळेल, एकाने वजन क्विंटलमध्ये लिहिलंय, दुसऱ्याने किलोत. 'सोयाबीन', 'सोयाबिन' आणि 'सोयबीन' ही संगणकाला तीन वेगळी पिकं वाटतात. एका पावतीवर पाऊस पडून तारीख पुसलेली. हे सगळं नीट करणं हेच या कामातलं पहिलं आणि सर्वांत वेळखाऊ काम आहे, आणि तयार फाइल घेऊन शिकणाऱ्याला ते कधीच कळत नाही. मग त्याला बाजार समितीचे रोजचे भाव जोडा, ते ॲगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर मिळतात. दिवाळीआधी विकलं आणि जानेवारीपर्यंत थांबलं, यात दहा घरांना किती फरक पडला, ते काढा. शेजाऱ्यांची नावं मात्र फाइलमध्ये ठेवू नका. घर क्रमांक एक, दोन, तीन असं लिहा. दुसऱ्याच्या पैशाची माहिती जपणं हाही या धंद्याचाच भाग आहे.

इंग्रजीसाठी दोन रकान्यांची एक वही करा. एका बाजूला इंग्रजी शब्द देवनागरीत आणि इंग्रजीत, दुसऱ्या बाजूला मराठी: मीन म्हणजे माध्य, मीडियन म्हणजे मध्यक, कोरिलेशन म्हणजे सहसंबंध. खाली स्वतःच्या शब्दांत एक वाक्य. परीक्षा इंग्रजीत असल्या तरी समजायचं मराठीत. वर्षभरात ती वही भरते आणि भीती जाते.

पैसा आणि कागदपत्रं

उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, लागू असेल त्यांना नॉन-क्रिमीलेयर, आणि आधारला जोडलेलं बँक खातं. निकाल लागल्यावर सेतू केंद्रावर जत्रा भरते, म्हणून हे मार्चमध्येच काढा. जात वैधतेला वेळ लागतो, तो अर्ज बारावीत असतानाच टाका.

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर. मुलींसाठी २०२४-२५ पासून सुरू झालेली पूर्ण शुल्कमाफी व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्नाची अट आहे. साध्या बी.एस्सी.ला ती लागेल असं धरून चालू नका, तिथे वेगळ्या योजना आहेत. बीसीए करायचं असेल, तर सीईटी द्यावी लागते आणि तिचा अर्ज बारावीच्या परीक्षेच्या आसपासच निघतो. तारीख हुकली की वर्ष गेलं.

परीक्षा फीचं गणित वेगळं मांडा. वर्षाला एक किंवा दोन पेपर धरून रक्कम काढा आणि कापसाचे पैसे येतात तेव्हाच ती बाजूला ठेवा. सावकाराकडून या कामासाठी एक रुपयाही घेऊ नका. पेपर सहा महिन्यांनी पुन्हा येतो.

पदवीनंतर

ॲनालिटिक्सची पहिली नोकरी नागपूर-पुण्यात मिळू शकते. ॲक्च्युअरीचं काम मुख्यतः मुंबई, पुणे, बंगळूर, गुरुग्राम इथे आहे. एम.एस्सी. करायची असेल तर नागपूर, अमरावती, पुणे आहेतच. शिवाय आयआयटीतल्या एम.एस्सी.साठी गणितीय संख्याशास्त्राची 'जॅम' ही प्रवेश परीक्षा देता येते. कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था, १९३१ साली संख्याशास्त्रज्ञ प्र. चं. महालनोबिस यांनी उभारलेली, सरकारी आहे आणि विद्यार्थ्यांना विद्यावेतन देते. तिथल्या प्रवेश परीक्षेला आपल्याकडून फार कमी मुलं बसतात, याचं मला वाईट वाटतं.

अर्जात टक्केवारीच्या खाली लगेच त्या काटापट्ट्यांचं काम लिहा. मुलाखतीत विचारणारा माणूस शहरातला असेल, त्याला कपात म्हणजे काय ते माहीत नसेल. समजावून सांगा. माझ्या एका विद्यार्थिनीच्या मुलाखतीतला अर्धा वेळ ओलाव्यापोटी भाव कसा कापतात यातच गेला, आणि ती तिथे रुजू झाली.

विमा कंपन्या ॲक्च्युरियल विभागात घेतलेल्या मुलांना अनेकदा परीक्षेची फी आणि अभ्यासाची रजा देतात. ऑफर लेटर हातात आलं की पगाराच्या आकड्याआधी ही ओळ शोधा. नसेल तर सही करण्यापूर्वी विचारा, आणि जे कबूल करतील ते लेखी घ्या.